जिप्सीचा मागचा शाफ्ट तुटला? पाना उचलण्याआधी हे वाचा

वेल्ह्याच्या पुढे एका ओढ्यातून गाडी वर काढत होतो. आषाढ, वरून रिपरिप, खाली शेवाळलेले गोटे. मागचं डावं चाक एका दगडावर चढलं, घसरलं, पुन्हा दाणकन बसलं आणि 'टक्' असा एकच कोरडा आवाज आला. त्यानंतर इंजिन कितीही पळवलं तरी मागून काही जोर येईना, पुढची चाकं नुसती चिखल उडवत राहिली. उतरून पाहिलं तर डावं चाक वरच्या बाजूने आत कललेलं.

तो शाफ्ट, म्हणजे एक्सलच्या मधून चाकापर्यंत जोर नेणारा पोलादी दांडा, बदलायला मला तीन आठवडे लागले. त्यात दोन चुकीचे शाफ्ट घरी आले आणि एक नवंकोरं बेअरिंग वाया गेलं. मन लावून केलं तर काम शनिवार-रविवारचं आहे. तुमचे ते जादाचे दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरण जिप्सीचं आहे, पण मागे एकसंध एक्सल असलेल्या जीप, बोलेरो, थार अशा कुठल्याही गाडीला यातलं बरंचसं लागू पडतं. नटबोल्टची मापं आणि आवळण्याचे आकडे मात्र आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

१. आधी चाकांना दगड लावा

हे सगळ्यांत पहिलं. 'गिअरमध्ये टाकली की गाडी हलत नाही' ही आपली जन्माची खात्री, आणि शाफ्ट तुटल्यावर ती खोटी ठरते. गिअरने प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनचा जोर मागच्या एक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा) अडतो. पण साध्या डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या मधोमध बसून दोन्ही चाकांत जोर वाटणारे गिअर) एका बाजूचा शाफ्ट मोडला की ती बाजू मोकळी फिरते आणि दुसऱ्या बाजूच्या धड चाकालाही मोकळीक मिळते. म्हणजे गिअर पडलेला असतानाही गाडी उतारावर घरंगळते.

जुन्या जीपवाल्यांनी तर जास्तच सांभाळावं. त्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी गिअरची पेटी) मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. एक्सल तुटला की तोही निकामी.

तर इंजिन बंद करण्याआधी पायाचा ब्रेक दाबून ठेवा आणि सोबत्याला चाकांमागे दगड लावायला सांगा. फोर व्हील घातलेलं असेल तर तसंच राहू द्या, पुढचा एक्सल तेवढा आधार देतो. पुढच्या हबना लॉक असतील तर ते लागलेले आहेत ना तेही बघा. माझ्या गाडीखाली आम्ही तिघांनी मिळून सात दगड लावले होते, त्यातले चार उगाच होते, पण त्या वेळी कोणी मोजत नव्हतं.

२. शाफ्टच तुटलाय याची खात्री करा

आवाज आला आणि गाडी थांबली म्हणजे शाफ्टच गेला असं नाही. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) तुटला, क्लच गेला किंवा क्राउन-पिनियनचे (डिफरन्शियल फिरवणारे मुख्य गिअर) दात उडाले तरी लक्षण हेच.

गाडी सपाटीला आणा. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून गुटके लावा, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँड) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आता फोर व्हील काढा, गाडी गिअरमध्ये टाका, इंजिन बंदच ठेवा आणि मागचं एक चाक हाताने फिरवा.

दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं तर दोन्ही शाफ्ट शाबूत आहेत, दोष दुसरीकडे शोधा. दुसरं चाक ढिम्म राहिलं तर एक शाफ्ट गेलाय. फिरवताना आतून दाणे भरडल्यासारखा आवाज येत असेल तर डिफरन्शियलमध्ये तुकडे पडलेत, यापुढे ते चाक फिरवूच नका.

तिसरी खूण तेलाची. ड्रमच्या खालच्या कडेतून गिअर ऑइल ओघळत असेल आणि चाक कललेलं असेल, तर शाफ्ट बेअरिंगजवळ तुटलाय.

३. कुठे तुटला यावर घरी कसं जायचं ते ठरतं

जिप्सीचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणजे हाफ शाफ्ट चाकाला नुसता फिरवत नाही, गाडीचं वजनही त्याच्याच बाहेरच्या टोकावर येतं. ट्रकांचे एक्सल फुल फ्लोटिंग असतात, तिथे वजन हौजिंगवर (शाफ्टभोवतीचं एक्सलचं कवच) बसवलेला हब पेलतो, शाफ्ट पूर्ण काढून घेतला तरी चाक जागेवर राहतं. आपल्याकडे ती चैन नाही.

आतल्या टोकाला, डिफरन्शियलमध्ये बसणाऱ्या दात्यांजवळ तुटला असेल तर चाक सहसा सुरक्षित असतं, कारण बाहेरचं बेअरिंग आणि त्यामागची रिंग शाफ्टला धरून ठेवतात. अशा वेळी पुढचे हब लॉक करून, फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, पण लो रेंज नाही) टाकून पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी हळूहळू डांबरी रस्त्यापर्यंत येऊ शकते. एरवी फोर व्हील कोरड्या रस्त्यावर चालवू नये म्हणतात, कारण पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात. इथे मागचा भांडायच्या अवस्थेतच नसतो. तीस-चाळीसच्या वर जाऊ नका आणि मागून घरघर सुरू झाली की थांबा. तुटलेलं टोक आत अडकून पडलेलं असतं, ते कधी आडवं येईल सांगता येत नाही.

बाहेरच्या टोकाला, बेअरिंगजवळ तुटला असेल तर एक मीटरही चालवू नका, आणि चाकांवर ओढूनही नेऊ नका. ते चाक आता ड्रम आणि ब्रेक लायनरच्या भरवशावर लटकलंय. माझं असंच होतं. गाडी सपाट पाट्याच्या ट्रकवर चढवून आणली, चढवताना त्या चाकाखाली फळी सरकवत सरकवत. भाडं ऐकून तोंड कडू झालं, पण चाक निखळून गाडी ड्रमवर बसली असती तर त्याच्या कितीतरी पट गेलं असतं.

गंमत अशी की खोलताना हे सगळं उलटं होतं. बाहेर तुटलेला शाफ्ट धोक्याचा पण काढायला सोपा, आत तुटलेला बिनधोक पण तुकडा बाहेर काढताना रडवतो.

४. हत्यारं, सामान, कागद

हत्यारं:
- जॅक, दोन मजबूत घोड्या, चार लाकडी गुटके
- सॉकेट आणि रिंग पान्यांचा संच, ब्रेक पाइपच्या नटासाठी फ्लेअर पाना (साध्या पान्याने त्या नटाचे कोन गोल होतात, मग पाइपच बदलावा लागतो)
- स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन आपटून शाफ्ट बाहेर ओढणारं हत्यार), विकत घेऊ नका, गॅरेजातून एका दिवसासाठी मागून आणा
- ८ मिलिमीटरचे दोन लांब बोल्ट, ड्रम काढायला
- लांब दांड्याचं चुंबक, पोलादी पट्टी, मोजटेप, खडू
- आवळण्याचा जोर दाखवणारा टॉर्क पाना

सामान: शाफ्ट, बेअरिंग, रिटेनर रिंग, ऑइल सील (दोन्ही बाजूंचे घ्या, एकच बदलला की दुसरा पंधरा दिवसांत गळतो हा माझ्यापुरता अनुभव), सीलंट, ब्रेक ऑइल, दोन लिटर गिअर ऑइल. मागच्या डिफरन्शियलमध्ये साधारण दीड लिटर बसतं. डब्यावर ८०डब्ल्यू-९० आणि जीएल-५ असं दोन्ही लिहिलेलं हवं. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ उरलंय म्हणून इथे ओतू नका. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जीएल-५ मधली जास्त दाब सोसणारी रसायनं लागतात.

कागद: आरसी सोबत ठेवा, दुकानात चॅसी नंबर विचारतात. विम्याची पॉलिसीही एकदा काढून वाचा.

५. खोलणं

क्रम असा.

पहिलं, तेल भरायचं बूच सैल करा. तेल काढायचं बूच नंतर. लोक उलट करतात, सगळं तेल काढून बसतात आणि मग कळतं की भरायचं बूच गंजून घट्ट बसलंय.

दुसरं, चाक काढा, मग ड्रम. ड्रम सहसा गंजून बसलेला असतो आणि आपला हात हातोड्याकडे जातो. थांबा. ड्रमच्या चेहऱ्यावर आट्यांची दोन भोकं आहेत. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने पिळत जा, ड्रम आपणहून बाहेर येतो. हँडब्रेकची केबल ड्रमपर्यंत येत असेल तर ती आधी ढिली करा.

तिसरं, मागच्या बाजूने ब्रेकचा पाइप सोडवा, त्याच्या तोंडाला रबरी टोपी लावा. नंतर बॅकप्लेटला (ड्रममागची, ब्रेकचे भाग धरणारी थाळी) धरणारे चार नट काढा. हे नट आतल्या बाजूने आहेत, तिथे वर्षांचा चिखल साठलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंत तर सकाळी शिव्या कमी लागतात.

चौथं, शाफ्टच्या फ्लँजला (चाक जिच्यावर बसतं ती टोकाची चकती) स्लाइड हॅमर लावून तीन-चार झटके. शाफ्ट बॅकप्लेटसकट बाहेर येतो. माझा अर्थातच वीतभर आला, बाकीचा आतच. पण तुटलेलं तोंड हौजिंगच्या कडेलाच होतं, ते पकडीत धरून ओढून घेतलं.

तुमचा शाफ्ट आतल्या टोकाला तुटला असेल तर दात्यांचा बुटका तुकडा डिफरन्शियलच्या गिअरमध्ये रुतून बसतो. चुंबक लावून पाहा, नशीब असेल तर येतो. दुसऱ्या बाजूने सळई घालून ढकलायला जाऊ नका, मधे स्पायडर गिअरची पिन आडवी आहे. सरळ मार्ग म्हणजे अख्खं डिफरन्शियल बाहेर काढणं. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खडूने खूण करून तो सोडवा (परत त्याच खुणेवर बसवायचा, नाहीतर गाडी थरथरते), दोन्ही हाफ शाफ्ट काही इंच बाहेर ओढा, भोवतालचे नट काढा आणि दोघांनी मिळून ते धूड उतरवा. एकट्याने छातीवर घेऊ नका.

तुकडा सहज निघाला तरी मी तरीही डिफरन्शियल काढायचाच सल्ला देईन. हौजिंगच्या तळाशी पोलादाची एखादी कपची बसलेली असते. ती पुढच्या महिन्यात क्राउनच्या दातात गेली तर शाफ्टचा खर्च क्षुल्लक वाटेल.

६. तुटलेलं तोंड वाचा

या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नवा शाफ्ट आणायला धावण्याआधी जुन्याचं मोडलेलं तोंड डिझेलने पुसून उन्हात धरा आणि नीट बघा.

माझ्या शाफ्टचं तोंड मिस्त्रींनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, हा आज नाही तुटला. आज फक्त सुटला."

मग बोटाने दाखवलं. तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत, तपकिरी-काळा, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक वळ्या. एका कोपऱ्यात मात्र साखरेच्या खड्यासारखा खरखरीत, चकाकणारा चंद्रकोरीएवढा भाग. ती चंद्रकोर म्हणजे ओढ्यातला 'टक्'. वळ्यांचा भाग त्याआधीच्या कित्येक महिन्यांचा: चीर पडली, दर फेऱ्याला केसभर पुढे सरकली, आत तेल-पाणी गेलं, गंज चढला. सगळ्या वळ्या एकाच बिंदूभोवती होत्या आणि त्या बिंदूवर, शाफ्टच्या कडेला, नखात अडकेल एवढी एक खाच होती. छिन्नीची.

तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात बेअरिंग बदललं होतं. जुनी रिंग छिन्नीने फोडताना घाव खालच्या शाफ्टवर गेला होता. त्यात मी नंतर बाहेर आलेल्या ठेवणीच्या रुंद रिमा बसवल्या. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगपाशी शाफ्टवर वाकवणारा जोर जास्त. खाच त्यांनी दिली, तरफ मी.

तोंडाचा अर्थ ढोबळमानाने असा लावायचा:

वळ्या आणि जुना गंज असेल तर थकवा. बेअरिंगजवळ असेल तर वाकण्याचा: रुंद रिम, स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती), जास्त वजन, जुनी खाच यांपैकी काहीतरी सापडेल. ते न सुधारता नवा शाफ्ट घातलात तर तोही त्याच जागी जाईल.

सगळं तोंड ताजं आणि चकचकीत, आणि तुटलंय दात्यांजवळ, तर पिळाचा झटका. तुटण्याआधी दाते जिलेबीसारखे वळलेले दिसतील. ते खडूने रंगवून पाहा, सरळ रेषा तिरकी झालेली लगेच कळते. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा 'चांगला' शाफ्टही तपासा. त्याचे दाते पिळलेले असतील तर तो रांगेतला पुढचा.

पिळ येतो कुठून? गणित करून पाहा. जिप्सी किंगच्या इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १०३ न्यूटन-मीटर. पहिला गिअर, लो रेंज आणि क्राउन-पिनियन मिळून तो तीसपटीहून थोडा जास्त होतो, म्हणजे तीन हजारांच्या वर. हा चारही चाकांत वाटला जातो आणि घसरणारं चाक तो वाया घालवतं, म्हणून एरवी काही होत नाही. पण हवेत गरगर फिरणारं चाक पाय न काढता दगडावर आपटलं, की इंजिनपासून टायरपर्यंत जे जे फिरतंय त्या सगळ्याचा वेग एका क्षणात शाफ्टवर उतरतो. शाफ्ट मोडतो तो बहुधा या आपटण्याने. चाक उचललं गेलं की पाय काढा, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ऐकलं कोणी?

७. हौजिंग वाकलंय का ते बघा

वाकलेल्या हौजिंगमध्ये सरळ शाफ्ट घातला तर सील गळत राहतो आणि बेअरिंग खातं. तपासायला मशीन लागत नाही, फक्त नवा शाफ्ट बसेपर्यंत थांबावं लागतं.

धड शाफ्ट दोन्हीकडे बसवून, गाडी उचलून, दोन्ही मागच्या टायरवर मध्यभागी खडूची खूण करा. खुणा समोर, हबच्या उंचीवर आणून त्यांच्यातलं अंतर मोजा. मग दोन्ही चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागे आणा, पुन्हा मोजा. त्याच खुणा वापरल्यामुळे वाकड्या रिमची फसवणूक होत नाही. दोन्ही अंतरं सारखी हवीत. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर हौजिंग एक्सलचं काम जाणणाऱ्या वर्कशॉपकडे न्या.

हात लागलाच आहे तर ब्रीदरही बघा. हौजिंगच्या माथ्यावरचं ते छोटं बोंडुक चिखलाने बुजलेलं असतं. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. तेल दुधी चहासारखं निघालं तर हेच झालंय. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉडीच्या वरपर्यंत नेऊन ठेवा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामाची सुधारणा हीच.

८. शाफ्ट आणताना

इथेच माझे दोन शाफ्ट चुकले.

'जिप्सीचा मागचा शाफ्ट द्या' एवढं सांगून चालत नाही. जिप्सी १९८५ मध्ये आली, १९९३ मध्ये रुंद ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) आली आणि १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनची किंग. ट्रॅक बदलला की शाफ्टची लांबी बदलते. शिवाय डावा आणि उजवा एकच असेल असं धरू नका. त्यात आपल्या गाड्या चार हातांतून आलेल्या, आरसीवर एक साल आणि खाली एक्सल भलत्याच सालाचा असं सर्रास दिसतं. म्हणून दोन्ही तुकडे जुळवून लांबी मोजा, दाते मोजा (एका दातावर खडू लावून सुरू करा, दोनदा मोजा), बेअरिंगच्या जागेचा व्यास घ्या आणि तुकडेच पिशवीत घालून दुकानात जा. मी पहिल्यांदा फोनवर मागवला, दुसऱ्यांदा फोटो पाठवून. तिसऱ्यांदा पिशवी घेऊन गेलो.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, इथे नवं-जुनं दोन्ही मिळतं. दिल्लीकडे कोणी जाणारं असेल तर काश्मिरी गेट आणि मायापुरी. जुना शाफ्ट घेणार असाल तर दात्यांचा पीळ, सीलच्या जागी पडलेली चर आणि रिंगच्या जागची खाच या तिन्ही गोष्टी नख फिरवून तपासा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

आणि वेल्डिंग. कोणीतरी लेथवाला नक्की म्हणेल, "दोन तुकडे जोडून, घासून देतो, कळणारसुद्धा नाही." नको. शाफ्टचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, विझवून कणखर केलेलं असतं. वेल्डच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा तो कणखरपणा जातो, कुठे ठिसूळ होतं, कुठे मऊ. सेमी-फ्लोटिंगमध्ये याच दांड्यावर चाक उभं आहे. घाटात एकशे दहा वळणांनंतर ते कळलेलं परवडणार नाही.

९. बेअरिंग आणि रिंग

जुनी रिंग काढताना ग्राइंडरने तिच्यावर आडवी चीर पाडायची, पण पूर्ण खोल नाही. शेवटचा पापुद्रा ठेवायचा आणि छिन्नीच्या एका फटक्याने ती तडकवायची. शाफ्टला धक्का लागता कामा नये. का, ते वर वाचलंत.

बेअरिंग प्रेसवर बसवून घ्या. आता सापळा: *आधी बॅकप्लेट शाफ्टवर ओवायची, मग बेअरिंग, मग रिंग.* मी बॅकप्लेट धुवायला ठेवली होती. प्रेसवाल्याने बेअरिंग आणि रिंग झकास बसवून दिली, घरी आलो, आणि बॅकप्लेट हातात घेऊन दहा मिनिटं शाफ्टकडे बघत राहिलो. ती आता कुठूनच आत जाणार नव्हती. बेअरिंग आणि रिंग दोन्ही कापून फेकली.

रिंग दर वेळी नवीच. तापवून बसवायची असेल तर बेतानेच तापवा. रिंगवर निळा रंग चढला की जास्त तापली समजा. ती घट्ट बसण्यावरच तुमचं चाक गाडीला धरून आहे.

१०. जोडणी

सील आतवर सरळ ठोका, त्याच्या ओठाला ग्रीस लावा. शाफ्ट आत सरकवताना खालून हाताने उचलून धरा, दाते सीलवर घासू देऊ नका. नवा सील फाटतो तो इथे, आणि मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडले जातात. टोक डिफरन्शियलपाशी पोचलं की फ्लँज थोडा डावी-उजवीकडे फिरवा, दाते बसल्याचं हाताला कळतं.

बॅकप्लेटचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळा, ब्रेक पाइप जोडा, ब्रेकमधली हवा काढा. शेवटी तेल: गाडी सपाटीला हवी, भरायच्या बुचातून ओघळू लागलं की थांबायचं. चढावर उभी करून भरलंत तर मोजमाप चुकतं.

११. मजबूत करायचं म्हणजे नक्की काय?

शाफ्ट तुटला की प्रत्येकाला 'भारी' शाफ्ट हवा असतो. लेथच्या बाजारात तुम्हाला ईएन-८, ईएन-१९, ईएन-२४ अशी नावं ऐकू येतील. ईएन-८ साधं मध्यम कार्बनचं पोलाद. ईएन-२४ निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं, बाहेरच्या देशांत ४३४० म्हणतात त्याच जातीचं. शर्यतीच्या गाड्यांचे शाफ्ट याच वर्गातले. पण नुसतं ईएन-२४ लेथवर कातून दिलं तर अर्धंच काम झालं. पुढची उष्णता-प्रक्रिया आणि कडकपणाची चाचणी झाली नसेल तर कंपनीचा साधा शाफ्ट त्याहून बरा. चाचणीचा कागद मागा. 'बीस साल से बना रहे हैं' हा कागद नव्हे.

शाफ्ट मजबूत झाला की पुढची कमजोर कडी शोधली जाते. ती क्राउन-पिनियन असेल तर खर्च वाढला, घटला नाही. म्हणून मी साधा शाफ्टच ठेवला, रिमा मूळच्या केल्या, टायर एक माप खाली आणला, आणि दुसरा शाफ्ट बेअरिंग-बॅकप्लेटसकट तयार करून मागच्या बाकाखाली बांधून ठेवला. डिफरन्शियल वेल्ड करून कायमचं लॉक करणारे मित्र आहेत. ट्रेलमध्ये त्यांची गाडी घोरपडीसारखी चढते हे खरं, पण डांबरावर प्रत्येक वळणाला दोन्ही शाफ्ट पिळले जातात. घरून ऑफिसला तीच गाडी नेणार असाल तर करू नका.

गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गाडी ट्रकवरून येते-जाते.

कायद्याचं एक. मूळ मापाचा शाफ्ट बदलणं ही दुरुस्ती. दुसऱ्या गाडीचा अख्खा एक्सल बसवणं हा बदल, आणि तो मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला फेरनोंदणीसाठी आरटीओत उभं राहायचंच आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली वाकून बघणारच आहे. आधी आरटीओत विचारा, मग कटर लावा.

१२. पहिले ५०० किलोमीटर

पहिली फेरी घराजवळ, दहा किलोमीटर. परत आल्यावर दोन्ही ड्रमना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर लायनर घासतंय. आतल्या बाजूला तेलाचा ओघळ आहे का बघा. चाकांचे नट पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने आवळा.

पहिल्याच रविवारी चिखलात नेऊ नका. मित्र फोन करतील.

५०० किलोमीटरनंतर तेल काढून पांढऱ्या डब्यात गाळा आणि त्यातून चुंबक फिरवा. काजळासारखी बारीक राखाडी पूड चिकटली तर ठीक, नव्या जोडणीत ती येतेच. बोटाला टोचेल असा काप निघाला तर तो पुसून, जपून ठेवा आणि क्रमांक ५ पासून पुन्हा सुरुवात करा.